काकांनी रंगवलेल्या मिशा

त्या रविवारी सकाळी माझा नवरा मुलाला घेऊन सासूबाईंकडे गेला होता आणि मी कधी नव्हे ती एकटीच घरी होते. बाराच्या सुमारास बेल वाजली. दारात माझे वडील उभे होते, तोंडावर मास्क बांधून.

अण्णा न सांगता कधी येत नाहीत. ते राहतात शहराच्या जुन्या भागात, चामराजपेटला, आणि आम्ही सर्जापूर रोडच्या एका टोकाला. त्यांच्या दृष्टीने हा प्रवास म्हणजे परगावी जाण्यासारखाच असतो. आदल्या दिवशी फोन, निघताना फोन, बसमध्ये बसल्यावर फोन, अशी त्यांची पद्धत. गेले काही आठवडे मात्र ते फोनही कमीच करत होते आणि केलाच तर "सगळं सरी आहे, बरं आहे, ठेवतो" एवढंच बोलत होते. माझ्या कामाच्या गडबडीत मी ते मनावर घेतलं नव्हतं, पण कुठेतरी खुपत होतं.

"सर्दी झाली का?" मी विचारलं.

"आधी दार लाव," ते म्हणाले.

दार लावल्यावर त्यांनी मास्क खाली ओढला आणि मला हसूच फुटलं. आई गेल्यापासून पांढऱ्याशुभ्र झालेल्या त्यांच्या मिशा काळ्याकुळकुळीत झाल्या होत्या. नुसत्या मिशाच नाहीत, वरचा ओठ, नाकाखालची कातडी, गालाचा एक कोपरा, सगळीकडे काळा डाग पसरला होता. नाटकात काम करून आलेल्या माणसासारखे दिसत होते ते.

"हसू नको," ते म्हणाले. "हे काढून टाक. आत्ताच्या आत्ता."

आवाज ऐकून माझं हसणं थांबलं. त्यांचे डोळे लाल झाले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, पायात सणासुदीचे बूट. इतका जामानिमा करून हा माणूस कुठे गेला होता, हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं. पण ते बाथरूमच्या आरशासमोर जाऊन साबणाने ओठ घासायला लागले होते आणि कातडी सोलवटायला आली होती. मी त्यांचा हात धरला आणि बाल्कनीतल्या खुर्चीवर उजेडात आणून बसवलं.

फोनवर शोधलं तेव्हा कुणी म्हणत होतं तेल, कुणी टूथपेस्ट, कुणी लिंबू आणि खायचा सोडा. सोडा मी बाद केला, कारण घासून घासून त्यांची कातडी आधीच हुळहुळी झाली होती. खोबरेल कोमट करून घेतलं, कापसाच्या बोळ्याने मिशांखाली जिरवलं आणि थोडं थांबून ओल्या फडक्याने टिपलं. फडकं काळं झालं. गालावरचा डाग बराच निघाला, ओठावरचा फिका झाला. मिशा मात्र तशाच राहिल्या.

"कुणी लावलं हे?"

"तुझ्या काकाने. काल गच्चीत बसवून. त्यानेच पाकीट आणलं, त्यानेच कालवलं. हनुवटी धरून स्वतःच्या हाताने लावलं."

काका म्हणजे अण्णांचा धाकटा भाऊ. चामराजपेटच्या घरात ते खाली राहतात आणि अण्णा वरच्या दोन खोल्यांत. आम्ही सगळे वडिलांना अण्णा म्हणतो ते काका म्हणतात म्हणूनच. मी बोलायला शिकले ती त्यांचं ऐकून. लहानपणी मला सायकलवर पुढे बसवून बाजारात नेणारे, आई दवाखान्यात असताना रोज डबा पोचवणारे ते काका.

"पण कशासाठी?"

दाढ दुखावी तसा अण्णांनी चेहरा केला. मग बाल्कनीच्या जाळीबाहेर बघत म्हणाले, "देवनहळ्ळीला गेलो होतो. एका बाईला बघायला."

मी ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची पट्टी बाजूला सारून क जीवनसत्त्वाच्या गोळ्या शोधत होते. त्या चुरून कोंड्याच्या शाम्पूत कालवून लावल्या तर केसांचा रंग उतरतो, असं बऱ्याच जणांनी लिहिलं होतं. माझे हात थांबले.

"कुणाला बघायला?"

"बाईला. लग्नासाठी."

आईला जाऊन चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत मी त्यांना किती वेळा म्हटलं होतं, अण्णा, एकटे राहू नका, माझ्याकडे या. दर वेळी ते म्हणायचे, मला इथे बरं आहे. आणि आता हे. माझ्या नकळत, सणासुदीचे बूट घालून. बोलले असते तर वाईट बोलले असते. गोळ्या लाटण्याने चुरल्या, शाम्पूत कालवल्या आणि तो दाट लगदा त्यांच्या मिशांना लावला.

"आता ओठ हलवायचे नाहीत. तोंडात जाईल."

त्यांनी मान हलवली. आणि मग आम्ही दोघं समोरासमोर बसलो, एक बोलू न शकणारा आणि एक बोलायचं नसलेली. मिशांना फेसाळ पिवळट लेप लावलेला माझा बाप माझ्याकडे बघत होता, आणि मला त्यांच्या नजरेत अपराधी भाव दिसायला हवा होता. तो नव्हता. उलट मीच त्यांचं काही केलं असावं तसे ते बघत होते.

लेप धुतला. पाण्याबरोबर काळपट ओघळ आले. मिशा थोड्या उतरल्या होत्या, काळ्याच्या गडद तपकिरी झाल्या होत्या.

मी टॉवेल दिला आणि विचारलं, "मला एका शब्दाने सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

अण्णा टॉवेल तोंडाला धरून थबकले. "तुलाच तर विचारलं होतं आधी."

"मला? कधी?"

"तुझ्या काकाने फोन केला होता ना तुला. तू म्हणालीस, करा काय करायचं ते, फक्त मला यात ओढू नका, आणि अण्णांना सांगा हा विषय माझ्यापाशी काढू नका म्हणून."

मला आधी वाटलं, मी नीट ऐकलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, शब्द न् शब्द तोच. इतके आठवडे ते वाक्य त्यांनी मनात किती घोळवलं असेल, ते त्यावरूनच कळत होतं.

"अण्णा, काकांचा मला फोन आलेलाच नाही. दिवाळीनंतर आमचं बोलणंच झालेलं नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मिशांतून पाणी शर्टावर गळत होतं.

"आईशप्पथ सांग, पुट्टी."

कानडी घरांत लाडक्या मुलीला म्हणतात तसं ते मला लहानपणापासून पुट्टी म्हणतात. त्या दिवशी आल्यापासून पहिल्यांदाच म्हणाले.

"आईशप्पथ."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ती बाई निवृत्त नर्स. लग्न केलेलं नाही, भाऊ-वहिनीबरोबर राहते. काकांच्या ओळखीतून स्थळ आलं होतं. घर छान, लेआउटच्या नव्या वसाहतीतलं, पुढे तुळस. तिने स्वतः कॉफी आणली आणि समोर बसून सरळ विचारलं, "तुमचं वय काय हो?"

अण्णांनी सांगितलं, पासष्ट.

तिने भावाकडे पाहिलं. भावाने काकांकडे. "तुम्ही तर अठ्ठावन्न म्हणाला होतात."

"आणि काका काय म्हणाले?" मी विचारलं.

अण्णा ते सांगताना थांबले. पाणी प्यायले. "तो हसला. म्हणाला, आमच्या अण्णांना हल्ली आकडे लक्षात राहत नाहीत. स्वल्प विसरायला होतं त्यांना."

सरकारी छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासलेला माणूस. त्याच्यासमोर, परक्यांच्या दिवाणखान्यात, सख्ख्या भावाने असं म्हणावं.

"मी काहीच बोललो नाही," अण्णा म्हणाले. "बोलताच येईना. मग ती बाई म्हणाली, तुमच्या भावाने सांगितलं की मुलगी तुम्हाला बघत नाही, म्हणून तुम्ही चामराजपेटची जागा सोडून कायमचे इकडेच राहायला येणार आहात. आमच्याकडे तशी एक खोली आहे, पण तुमच्या मनात नक्की काय आहे ते तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"तुम्ही जागा सोडणार होतात?"

"मला तरी कुठे माहीत होतं!"

मला मात्र तेवढ्यात कळलं. काकांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. खाली त्यांना जागा पुरत नव्हती. वरच्या खोल्या हव्या होत्या. सरळ मागितल्या असत्या तर अण्णांनी एक खोली आनंदाने दिली असती. कदाचित दोन्हीही दिल्या असत्या आणि माझ्याकडे आले असते.

अण्णा तिथून उठून चालत बसस्टँडवर गेले होते. काका मागून हाका मारत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही. वाटेत मेडिकलच्या दुकानातून मास्क घेतला, कारण बसमधला प्रत्येक माणूस आपल्या मिशांकडेच बघतो आहे असं त्यांना वाटत होतं. बस बदलत बदलत ते थेट माझ्याकडे आले. जिने आपल्याला टाकलंय असं त्यांना सांगण्यात आलं होतं, त्या मुलीकडेच.

"का आलात मग?" मी विचारलं. आवाज माझा मलाच कठोर वाटला.

"घरी तो असेल ना," ते म्हणाले. "दुसरीकडे कुठे जाणार?"

मी पुन्हा एकदा गोळ्यांचा लेप लावला. या वेळी मिशा तांबूस झाल्या, गंजलेल्या पत्र्यासारख्या. यापुढे घरी काही होणार नव्हतं. त्वचा लाल झाली होती, म्हणून मी साय लावली आणि म्हटलं, "सरळ काढून टाकूया का? महिनाभरात पुन्हा येतील."

"नाही." एवढं ठाम ते त्या दिवशी काहीच बोलले नव्हते. "तुझ्या आईच्या वेळी काढल्या होत्या. याच्यासाठी नाही काढणार."

मग मी छोट्या कात्रीने कापता येतील तेवढ्या बारीक केल्या. ते डोळे मिटून बसले होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. काका होते. अण्णांनी फोन माझ्याकडे सरकवला.

"अण्णा तिकडे पोचला का?" काका विचारत होते. "जीव खालीवर झाला आमचा. असं कुणी उठून जातं? चार लोकांत शोभा झाली."

"काका, तुम्ही मला फोन केला होता?"

"केला असेल गं. लागला नसेल."

"मग मी काय म्हणाले ते तुम्हाला कसं कळलं?"

"हे बघ, मी त्याच्या भल्यासाठीच करत होतो. एकटा पडलाय तो. तू तिकडे लांब. त्याला सोबत नको?"

"सोबत हवी होती तर वय खरं सांगायचं होतं. आणि त्यांना विसरभोळं ठरवायची काय गरज होती?"

"तू लहान आहेस. तुला नाही कळणार," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी चाळिशी गाठलेली बाई. पण मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की त्यांचा आवाज नेहमीसारखाच मायेचा होता. डबा घेऊन दवाखान्यात यायचे तेव्हाचाच.

दुपारी उशिरा मी वरणभात केला. अण्णा मुकाट्याने जेवले. मला राग फक्त काकांचा यायला हवा होता, पण तो तेवढ्यावर थांबत नव्हता. शेवटी मी म्हटलं, "काकांनी सांगितलं आणि तुम्हाला पटलं? मी असं बोलेन, हे खरं वाटलं तुम्हाला?"

अण्णांनी भात कालवायचा थांबवला.

"एकदा तरी मला विचारायचं होतंत. एक फोन."

"विचारलं असतं," ते हळूच म्हणाले, "आणि तू नको म्हणाली असतीस तर?"

म्हणजे त्या खोट्याचा त्यांना आधारही वाटला होता. मुलगी तुटकपणे का होईना, हो म्हणाली आहे. आता तिला तोंड द्यायला नको. काकांना हे बरोबर ठाऊक होतं. भावाला काय ऐकायला आवडेल हे भावाइतकं कुणाला कळणार?

अण्णा आठवडाभर माझ्याकडे राहिले आणि मग परत गेले. मी राहा म्हणत होते, पण ते म्हणाले, "मी आता इथे राहिलो तर त्याचं म्हणणंच खरं होईल, की मी ती जागा सोडली." त्यांनी वरच्या जिन्याला स्वतंत्र दार बसवून घेतलं. काकांच्या मुलाचं लग्न झालं, अण्णा अक्षता टाकून आले, आहेर दिला, जेवले नाहीत. नवं जोडपं खालीच दाटीवाटीने राहतं. दोघे भाऊ सकाळी एकाच नळावर पाणी भरतात आणि बोलत नाहीत. सणाला काका वर येऊन ताट ठेवून जातात. अण्णा ते परत करत नाहीत, पण त्यातलं काही खातही नाहीत. कामाला येणाऱ्या अक्कांना देतात.

देवनहळ्ळीच्या बाईंनी त्याच आठवड्यात फोन करून अण्णा नीट पोचले का ते विचारलं होतं. तुमच्यावर माझा राग नाही, पण हे आता पुढे नको, असंही म्हणाल्या. हे मला अण्णांनी दोन महिन्यांनी सांगितलं, एका दुपारी, सहज, दुसरंच काही बोलता बोलता.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तुला वाईट वाटेल म्हणून," ते म्हणाले.

आता ते रोज फोन करतात. भाजी काय केली, दूध का उशिरा आलं, गुडघा कसा आहे, सगळं सांगतात, पूर्वी कधी सांगत नसत इतकं. मी हं हं करत ऐकते. आणि ऐकताना माझं लक्ष त्यांच्या बोलण्यात मधेच येणाऱ्या थांब्याकडे असतं, तिथे काय गाळलं असेल ते शोधत.