बाबांच्या पुस्तकाचं अक्षर

बोईसरला माझं छपाईचं दुकान आहे. पुस्तकं आमच्याकडे कधी येत नाहीत. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि कारखान्यांच्या गेटवर लावायच्या ‘हेल्मेट सक्तीचे’ असल्या पाट्या, यावर आमची चूल पेटते. त्यामुळे बेटेगावच्या घरी बाबांनी आयुष्यातलं पहिलं पुस्तक लिहून संपवलं आणि “तूच छाप” म्हणाले, तेव्हा मी हो म्हटलं खरं, पण आतून टरकले होते.

पुस्तक गावाचं होतं. कारखाने यायच्या आधी कुठलं शेत कुणाचं, कुठल्या विहिरीचं पाणी गोड, लग्नात मांडव कसा घालायचे. लिहायला त्यांनी कित्येक वर्षं घेतली होती.

मी हाताच्या सवयीनं दुकानातला नेहमीचा ठसठशीत फॉन्ट लावला आणि पानं दाखवायला नेली. बाबांनी कागद नाकाजवळ धरला, थोडा वेळ पाहिला आणि परत दिला.

“हे कंपनीच्या पाटीचं अक्षर हाय. शेतं गेली तिकडं. आता आमची गोष्ट पण त्यांच्याच अक्षरात?”

त्यांना हवं होतं अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून पुस्तकं छापायचे तेव्हाचं अक्षर. जाड-बारीक रेघांचं, मराठी वळणाचं. मी फटकळ, म्हटलं, “मजकूर कळल्याशी कारण, बाबा.”

“पेजेनं पण पोट भरतं. म्हणून पावण्याला पेज वाढतेस काय?”

मी तसं अक्षर शोधायला लागले. शोधाशोधीत पावसाळा गेला. जुन्या खिळ्यांवरून कुणीतरी संगणकासाठी केलेलं तसलं अक्षर शेवटी सापडलं. त्यात लग्नाच्या प्रकरणातलं एक पान लावलं आणि दिवाळीच्या सुमारास घरी गेले. बाबा ओटीवर बसले होते. त्यांनी पान हातात घेतलं, ओळीखाली बोट धरलं आणि खणखणीत आवाजात वाचू लागले. कुठेही अडखळले नाहीत. पण वाचत होते ते विहिरीचं प्रकरण.

‘बाबा, पान लग्नाचं आहे,’ हे ओठांवर आलं होतं, तेवढ्यात आईनं दारातून ‘नको’ अशी मान हलवली. बोट शेवटच्या ओळीशी आलं तसे बाबा थांबले. “हेच अक्षर घे,” म्हणाले, “झकास हाय.”

आईला मी मागच्या पडवीत गाठलं.

“गणपतीपासून असंच हाय,” ती म्हणाली. “मधलं काय दिसत नाय, कडेकडेचं दिसतं. डोळ्याचा पडदा गेला म्हणाला डॉक्टर, आता परत येणार नाय. तुला सांगायचं नाय म्हणून शपथ घातली. पोरगी पुस्तक टाकून मला डॉक्टरांकडं फिरवत बसंल, म्हणतात.”

खरं सांगते, आधी मला दोघांचाही संताप आला. रडू मागून आलं. एवढी वर्षं राबून लिहिलेलं पुस्तक, आवडीच्या अक्षरात छापून येणार, आणि लिहिणाऱ्यालाच त्यातली एक ओळ दिसणार नाही! रिक्षात बसून परत येताना हेच डोक्यात होतं.

दुकानात कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स निघत होता. मी मशीन थांबवायला लावलं. बाबांच्या पहिल्या पानावरच्या चारच ओळी घेतल्या, त्याच जुन्या अक्षरात, एकेक अक्षर वीतभर उंच. पांढऱ्यावर काळं, बाकी काही नाही.

सकाळी तो फ्लेक्स ओटीसमोरच्या दोन झाडांना ताणून बांधला. बाबांना आणून समोर खुर्चीत बसवलं. त्यांनी मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे. मला वाटलं, नाही जमणार.

“आ... मच्या,” बाबा म्हणाले. “आमच्या... बे... टे...”

पहिलीतल्या मुलासारखे ते एकेक अक्षर लावत होते. एका जोडाक्षराशी अडले, चुकले, स्वतःवरच वैतागले आणि ओळीच्या सुरुवातीला परत गेले. आईनं तोंडाला पदर लावला. मी खुर्चीमागे उभी राहून रडत होते, कारण चुकत, ठेचकाळत, या वेळी बाबा खरोखर वाचत होते.