मेहमानखान्यातलं मशीन

कारशी शहरातल्या त्या मोहल्ल्यात वीज कशी वाचवावी हे मुकर्रम आपाला विचारावं, आणि नाही विचारलं तरी ती सांगायचीच. उभा जन्म सरकारी बालवाडी चालवलेली बाई ती. समोरचा माणूस साठीचा असला तरी त्याचं नाक पुसायचं राहिलंय अशा नजरेनं ती त्याच्याकडे बघायची. निवृत्तीनंतर तिच्या ताब्यात एकच मूल उरलं होतं, ते म्हणजे तिचा नवरा तोजिद्दीन. गडी चांगला धिप्पाड, बस चालवून चालवून थकलेला आणि बायकोपुढे मुकाट.

मुलगा सरदोर कोरियात कारखान्यात होता. सुट्टीवर आला तेव्हा त्यानं आईबापांसाठी थंड-गरम हवेचं मशीन घेतलं. भिंतीवर पांढरी पेटी, बाहेर पंख्याचं खोकं, उन्हाळ्यात गारवा, हिवाळ्यात ऊब. त्याच्या मनात होतं ते आईबापांच्या झोपायच्या खोलीत बसवावं. पण तो बाजारातून परत येईपर्यंत आपानं मिस्त्र्याला हाताला धरून मेहमानखान्यात नेलं होतं आणि भिंतीला भोकही पाडून घेतलं होतं. चांगला गालिचा पाहुण्यांच्या खोलीत, चांगली चिनी भांडी पाहुण्यांच्या खोलीत, छताला टेकतील एवढ्या नव्याकोऱ्या गाद्या पाहुण्यांच्या खोलीत. मग मशीन काय गोठ्यात लावायचं?

सरदोरनं डोक्याला हात लावला, पण जाताना आईला पढवून गेला. सव्वीसवर लाव. दार बंद ठेव. मध्ये मध्ये आतली जाळी धू. आणि सारखं बंद-चालू करू नकोस, सुरू होताना ते जास्त खातं, एकदा खोली गार झाली की नुसतं लुटुलुटु चालतं. आपानं हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि बायकांच्या गप्पांत त्यात स्वतःच्या ज्ञानाची भर घालून सांगितलं. जे मशीन बंद असतं त्याच्याइतकी काटकसर कुठलंच चालू मशीन करू शकत नाही, हा तिचा मुख्य सिद्धांत.

मशीनला तिनं भरतकामाचं झाकण शिवलं. ते झाकण दर आठवड्याला धुतलं जाई, आतल्या जाळीला मात्र पाणी कसं ते ठाऊक नव्हतं. रिमोट पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून काचेच्या कपाटात, चहाच्या किटलीशेजारी. फाटकावर पाहुण्याचा आवाज आला की आपा धावत सुटायची, झाकण ओढायची आणि सोळाचं बटण दाबायची. पाहुणे बसतात न बसतात तोच खोलीत पौष महिना अवतरायचा. मग पाहुणा अंग चोरून म्हणायचा की आपा, मानेला वारा लागतोय, जरा बंद करता का. आपा लगेच बंद करायची. थोड्या वेळानं तोच पाहुणा रुमालानं कपाळ पुसायला लागला की पुन्हा सोळा. पाहुण्यानं बुटात पाय घालताच बंद आणि वर झाकण. एवढं करूनही मीटर शेजारच्या होसियतच्या मीटरशी बरोबरी करत होता, आणि होसियत तर मशीन दिवसभर चालू ठेवायची. आपाच्या मते मीटर खोटारडा होता.

घरच्यांनी काय करायचं हा प्रश्नच नव्हता. हिवाळ्यात घर तापवणारा गॅस मंदावला की नवरा-बायको तीन-तीन स्वेटर घालून स्वयंपाकघरात बसत. उन्हाळ्यात अंगणातल्या लाकडी चौथऱ्यावर पाणी शिंपडून झोपत. तोजिद्दीननं एक काळ रस्त्यानं जाणाऱ्या ओळखीच्या माणसांना चहाला ओढून आणायचा सपाटा लावला होता, पण आपाच्या ते लक्षात आलं आणि तिनं त्याचं फाटकावर उभं राहणं बंद केलं.

त्या वर्षी चिल्ला सुरू झाला, म्हणजे उन्हाळ्यातले ते चाळीस दिवस, ज्यांत कारशीत कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करतात. तोजिद्दीनच्या छातीत त्याच सुमारास कळ आली. इस्पितळातून सोडताना डॉक्टरीणबाईनं आपाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. हृदय दमलंय, याला चिल्लाभर गार खोलीत ठेवा, नाहीतर शरद ऋतूत हा माणूस दिसायचा नाही.

आपा घाबरली. मनापासून घाबरली. घरी आल्यावर तिनं खिडक्यांना ओल्या चादरी टांगल्या, ताक पाजलं, अंगणात बादल्या ओतल्या, त्याच्या पायाशी बसून पुठ्ठ्यानं वारा घातला. डॉक्टरीण गार खोली म्हणाली होती, मेहमानखाना म्हणाली नव्हती. ज्या खोलीत घरचा माणूस लोळला, ती मग पाहुण्यांची खोली उरली का? उद्या कुणी आलं तर त्याला काय नवऱ्याच्या घामावर बसवायचं?

एका दुपारी तोजिद्दीन चौथऱ्यावरून उठला, बनियनवर सदरा चढवला, टोपी घातली आणि सावकाश चालत फाटकाबाहेर गेला. फाटक लावून घेतलं. मग त्यानं ते ठोठावलं.

"अस्सलाम आलेकुम. आपा, घरात आहात का?"

आपा फाटकाशी आली. "काय विसरलात?"

"काही नाही. पाहुणा आलोय."

"ऊन डोक्यात गेलंय तुमच्या. आत या मुकाट्यानं."

"यजमानीण आत घेत नसेल तर जातो बिचारा."

रस्त्याकडेच्या पाण्याच्या पाटाशी सडा शिंपडणारी शेजारची होसियत हातातली बादली खाली ठेवून म्हणाली, "मुकर्रम आपा, दारात आलेल्या पाहुण्याला परतवून लावायची रीत कधीपासून काढलीत?" आणि डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर धरून हसली.

आता मात्र इलाज उरला नाही. आख्ख्या मोहल्ल्यात आपाच्या घरून पाहुणा परत गेला असं झालं असतं, तर ती कुणाला तोंड दाखवणार होती? तिनं दात-ओठ खात त्याला मेहमानखान्यात नेलं आणि दारापासून सगळ्यात लांबच्या मानाच्या जागी बसवलं. झाकण ओढलं, सोळा दाबलं. नान मोडली, मनुका मांडल्या, चहा ओतला. सगळं रीतीप्रमाणे, पण आदळआपट करत.

तोजिद्दीननं पियाला हातात घेतला, प्यायला नाही. त्याचे ओठ निळसर पडले होते. फाटकापर्यंत जाऊन यायलाही त्याला केवढा दम लागला होता, हे आपाला आता त्याच्या इतक्या जवळ बसल्यावर दिसलं.

"झालं का समाधान?" ती म्हणाली. "चहा प्या आणि निघा. वीज फुकट येत नाही."

"मुकर्रम," तो म्हणाला. बऱ्याच वर्षांत त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. "मी या चिल्ल्यात गेलो, तर मला कुठे ठेवशील?"

"भलतंसलतं बोलू नका."

"याच खोलीत ठेवशील. लोक येतील, उन्हाळ्याचे दिवस, तेव्हा मशीन लावशील. दार बंद ठेवशील, सारखं बंद-चालूही करणार नाहीस. सरदोर सांगतो तस्सं चालवशील. तर मग ते आत्ताच का नाही?"

आपाच्या हातात किटली होती, ती तशीच राहिली. मशीन घरघरत होतं. आपल्याला रडू येतंय याचाच तिला राग आला. ती उठली आणि तरातरा बाहेर गेली.

परत आली तेव्हा तिच्या काखेत तोजिद्दीनची रोजची उशी होती, घामानं पिवळी पडलेली, कापूस एका कोपऱ्यात गेलेली. ती तिनं गालिच्यावर, मानाच्या जागी टाकली. रिमोटचं प्लास्टिक दातांनी फाडलं, आकडा सव्वीसवर आणला, वारा थेट त्याच्या छातीवर येऊ नये म्हणून पेटीची पाती वर वळवली.

"आडवे व्हा," ती म्हणाली. "आणि पाय भिंतीला लावू नका, परवाच चुना दिलाय."

तोजिद्दीन आडवा झाला. मशीनचा आवाज हळूहळू खाली आला. आपा कान देऊन ऐकत राहिली, नवऱ्याचा श्वासही मघापेक्षा संथ झाला होता. मग, मशीन एकाला गार करो की दोघांना, वीज तेवढीच लागणार, असं भिंतीला ऐकवत ती आपली उशी आणायला अंगणात गेली.