शेटच्या गाडीचं इंजिन आणि दोन गोण्या

दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी मुंबईहून घरी आलो, तेव्हा वडील माझ्याशी नीट बोलत होते. जूनमध्ये परत निघालो तेव्हा बोलत नव्हते. मधल्या काळात शेटच्या गाडीच्या इंजिनाचा प्रश्न निघाला होता.

वडील मुरबाडला एका जंगलाच्या कंत्राटदाराकडे ड्रायव्हर होते. त्याला सगळे शेट म्हणत. सिद्धगड आणि वैशाखरे या बाजूला त्याचे कूप, म्हणजे तोडीला घेतलेले जंगलाचे तुकडे, होते आणि तिथला साग शहापूरच्या वखारीत जाई. त्या सागाच्या बैलगाड्या हाकता हाकता वडील मोटार शिकले. त्यांना अक्षरओळख नव्हती. मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला. सायन्सचं एक वर्ष झालं होतं, आणि त्या एका वर्षाचा मला जरा जास्तच अभिमान होता, हे आज कबूल करतो.

गाडी विलायती होती. दोनच माणसं बसतील अशी, बुटकी, लांब नाकाची, लाल. लढाईआधी मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडून शेटने ती घेतली होती. आमच्या गावच्या बाया तिला बिनछपराची गाडी म्हणत. लढाईत पेट्रोल मिळेना, तेव्हा शेटच्या हुकमावरून तिच्यात रॉकेल मिसळून घातलं, आणि इंजिन झिजलं. चढावर ती धूर ओकायची आणि म्हशीसारखी थांबायची. शेट मात्र चारचौघांत म्हणायचा, "यानेच घालवली. बैल हाकणाऱ्याच्या हाती घोडी दिली." वडील ऐकून घेत.

आता पुढे काय, यावर दोन मतं होती. वडील म्हणत, जुनंच इंजिन मुंबईला नेऊन बोअर करून, म्हणजे आतून पुन्हा कातून घ्यावं, पिस्टन विलायतेहून मागवावेत. त्याला सहा महिने लागले असते. शहापूरचा फिटर म्हणे, कल्याणला लष्करी सामानाच्या लिलावात लॉरीची इंजिनं निघालीत, त्यातलं एक बसवू, पंधरा दिवसांत गाडी रस्त्यावर. फिटरच्या अंदाजाने ते इंजिन जुन्यापेक्षा चार मण जड होतं, पण ताकद दुपटीहून जास्त.

शेटला सहा महिने थांबायचं नव्हतं. एके सकाळी त्याच्या ओटीवर वडील, फिटर आणि मी उभे होतो. शेट झोपाळ्यावर.

"तू नको म्हणतोस. का नको?"

वडील म्हणाले, "शेट, ओंडका गाडीत भरताना आमी धुरेकडं, बैलांच्या अंगाला, जड करत नाय. केला तर उतारावर बैलांच्या मानेवर येतो, गाडी वळत नाय, सरळ जाते. ह्या गाडीचं नाक आधीच लांब. त्यात चार मण घातलं तर ही बी सरळ जाईल."

फिटर हसला. "मामा, हिला बैल कुठं हायत? स्टेरिंग हाय."

"स्टेरिंग धरणारा मी हाय."

"मग धरायला घाबरतोस तसं सांग ना," शेट म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "काय रे कॉलेजवाल्या? एवढं शिकतोस, तर बोल की. का तुलाबी बैलांना विचारायचंय?"

मी वडिलांकडे पाहायला हवं होतं. मी पाहिलं नाही. मी म्हणालो की वजन वाढलं तरी पुढच्या स्प्रिंगला एक पाटा जास्त घातला तर चालावं, ताकद वाढल्याचा फायदा मोठा आहे, नक्की हिशोब करून सांगतो.

"पाटा वाढवशील," वडील हळूच म्हणाले, "ब्रेक कोण वाढवणार?"

मी दोन दिवस वहीत, कुठे किती भार येतो ते दाखवणारे बाण काढत बसलो. आई म्हणाली, "कशाला पडतोस त्यांच्यात? त्यांना ठावं हाय, त्यांनी हाकलीय." मी तिला म्हणालो की हे हाकण्याचं नाही, शास्त्राचं काम आहे. वडील पडवीत दोरी वळत होते. त्यांनी ऐकलं असणार.

हिशोब जमेना तेव्हा मला युक्ती सुचली, आणि ती मीच शेटला सांगितली. जुनं इंजिन अजून कसंबसं चालत होतं. गाडीच्या नाकावर चार मण वजन बांधायचं आणि शहापूरच्या रस्त्यावर एक उतार आहे, तळाशी ओढ्यावरची मोरी, म्हणजे छोटा पूल, आणि मोरीच्या अलीकडे काटकोनात वळण, तिथे गाडी चालवून पाहायची. वळली तर इंजिन आणायचं. आमच्याकडची तांदळाची गोणी साधारण दोन मणांची. म्हणजे दोन गोण्या झाल्या.

शेट खूश झाला. "आणि वळली तर," वडिलांना म्हणाला, "तू गपगुमान चालवायची. नायतर किल्ली ठेवायची आणि बैल जुंपायचे."

वडिलांची नोकरी माझ्या युक्तीवर टांगली गेली, हे मला त्या क्षणी कळलं. तरी मी मागे घेतली नाही. मनातून मला खात्री होती की गाडी वळेल आणि मग वडीलही मानतील.

दुसऱ्या दिवशी मी शेटच्या दिवाणजीला म्हणालो, "कोठारातून दोन गोण्या द्या." त्याने दोन भरलेल्या, शिवलेल्या गोण्या दाखवल्या. वडिलांनी त्या एकेक करून पाठीवर घेतल्या आणि गाडीपर्यंत आणल्या. पहिली ठेवल्यावर ते सरळ उभे राहिले आणि माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, दम लागला. मी म्हणालो, "बाबा, मी घेऊ का दुसरी?" ते म्हणाले, "नको. तू पेन धर."

पुढच्या दोन मडगार्डांवर आडवी फळी टाकून गोण्या आवळल्या. वडील एकटेच बसले. शेट, फिटर आणि मी मोरीपाशी उभे. गाडी धूर सोडत उतरली, वळणाशी थोडी बाहेर गेली, आणि वळली. फिटरने टाळ्या पिटल्या. शेट म्हणाला, "बघ! तुझ्याच पोराने तुला खोटं पाडलं." फिटरला तिथेच सांगितलं, सोमवारी कल्याणला जा.

वडील उतरून दोऱ्या सोडू लागले. मी मदतीला गेलो. एका गोणीची शिवण उसवली होती आणि फळीवर मूठभर दाणे सांडले होते. पिवळे, टरफलासकट, टोकाला कुसळ. ते भात होतं. न कांडलेलं, न सडलेलं.

वैशाखात कोण तांदूळ करून ठेवतो? लागेल तेवढं भात काढायचं आणि कांडून सडायचं, बाकी भातच ठेवायचं, हे आमच्याकडच्या चार वर्षांच्या पोरीला ठाऊक असतं. आणि भाताची गोणी दोन मण भरत नाही. दीड मण भरली तरी पुष्कळ. गाडीच्या नाकावर चार मण नव्हतेच, जेमतेम तीन होते.

मी वडिलांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते, सकाळी पाहिलं होतं तसंच. शेट फिटरला विडी देत होता. त्यांची विडी संपेपर्यंत मी गप्प राहिलो. ती विडी मला अजून आठवते. मग शेट निघाला, आणि मी म्हणालो, "शेट, चूक झाली. गोण्यांमध्ये भात होतं. वजन कमी पडलं. पुन्हा करून बघायला हवं."

"भात काय नि तांदूळ काय! गोणी ती गोणी."

"नाही शेट. एका मणाचा फरक आहे."

"आता बापाने डोळे वटारले तेव्हा तुला मण आठवले होय?" शेट माझ्यावर ओरडला, मग वडिलांकडे वळला. "इंजिन येणार. बोल रे, चालवतोस का?"

वडील म्हणाले, "तीन मणात गाडी हातभर बाहेर गेली, शेट. चार मणात मोरीत जाईल. मी नाय चालवणार." त्यांनी किल्ली काढली आणि फळीवरच्या सांडलेल्या भातावर ठेवली.

मोरीपासून आमच्या गावापर्यंत आम्ही चालत गेलो. निम्म्या वाटेत मी विचारलं, "बाबा, तुम्हाला आधीच कळलं होतं?"

"पाठीवर घेतली नि कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तू मुद्दाम केलंस. शेटच्या बाजूने. म्हटलं बघू, पोरगा कुठवर जातो."

"नाही हो, बाबा. शपथ. माझ्या लक्षातच आलं नाही."

ते थांबले. मला वाटलं, आता राग जाईल. पण त्यांचा चेहरा आणखीच कडक झाला. "मुद्दाम केलं असतंस तर एक येळ बरं. लबाड पोरगा घरात ऱ्हातो. लक्षात नाय आलं म्हणतोस, आमचं काय ऱ्हायलं तुझ्यात?"

त्यानंतर वडील घरात माझ्याशी बोलले नाहीत. इंजिन आलं. ते बसवताना फिटरला गाडीची चौकट कापावी लागली. शेटने दुसरा ड्रायव्हर ठेवला. तो गाडी आग्रा रोडवर सरळ पळवायचा, आणि मोरीच्या वळणावर ती कशी गेली ते मला कधी कळलं नाही. मी विचारलंही नाही.

वडिलांनी चुलत्याचे बैल घेतले आणि पुन्हा भाडी करू लागले. मी परत जायच्या दोन दिवस आधी ते धसईच्या बाजाराला माल नेत होते. मी न विचारताच बरोबर गेलो. तिथे बैलगाडीमागे मी वाकून उभा राहिलो. वडिलांनी एक गोणी माझ्या पाठीवर टाकली आणि सोडून दिली. मी ती सावरून उभा राहिलो.

"काय हाय?" त्यांनी विचारलं.

गोणी शिवलेली होती. पाठीला कुसळं टोचत होती.

"भात," मी म्हणालो.

"मग उभा का? ने."