आत्याचं डोकं भरतं तेव्हा

चार मुलगे वाढवूनही शहाणी राहिलेली बाई अख्ख्या जवळा बाजार गावात एकच, ती म्हणजे माझी धाकटी आत्या. आणि गावाच्या मते सगळ्यांत येडी बाईही तीच. त्याला कारण होतं. पोरांचा दंगा हाताबाहेर गेला की बाकीच्या आया लाटणं उचलायच्या, आत्या चपला घालायची. "माझं डोकं भरलं, मी चालले," एवढं सांगून ती सरळ बाजारात, बांगड्या विकणाऱ्या खालाच्या दुकानात जाऊन बसे. खाला चहा मागवी. दोघी फारसं बोलतही नसत. बऱ्याच वेळानं आत्या घरी परते ती गुणगुणत. तोवर पोरांनी भात लावलेला असे, बहुधा करपवलेलाही. सासूनं एकदा बोल लावला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "लेकराला माय पाहिजेच, पर ती ठिकाणावर असलेली पाहिजे."

पोरांना मनसोक्त रडू देणं ही तिची दुसरी खोड. तिसरा दहावीत नापास होऊन ओसरीवर हुंदके देत होता, आणि आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, पोरगं असून रडतंय म्हणून त्याच्यावर चिडले होते. आत्यानं मामांनाच गप्प केलं. "रडू द्या त्याला. तुमी कधी रडले न्हाई, म्हणून तर तुमचं पोट सदा दुखून राहतंय." मामांनी पोटावरचा हात हळूच काढून घेतला.

पुढे मामांचे थोरले भाऊ अचानक गेले. मामांनी सगळं कोरड्या डोळ्यांनी उरकलं आणि मग बोलणंच सोडलं. कापडाचं दुकान बंद, ताटातलं अन्न ताटात. नातेवाईक नवस बोलायला सांगून गेले. आत्यानं थट्टा केली, भांडून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. एका दुपारी धाकटा मुलगा त्यांच्या खाटेवर जाऊन बसला, त्यांचा हात धरून म्हणाला, "बापू, मला बी काकाची लई आठवण येऊन राहिली." आणि रडू लागला. थोड्या वेळानं त्याच्या खांद्यावर डोकं टेकून मामाही. मी स्वयंपाकघरात आत्याजवळ होतो. उठायला लागलो तर तिनं माझा हात धरून मला खाली बसवलं. त्याच आठवड्यात मुलांनी मामांना हिंगोलीच्या डॉक्टरांकडे नेलं. हळूहळू दुकान उघडलं.

गेल्या दिवाळीत मी गेलो तेव्हा चौघेही पुण्या-मुंबईहून आले होते. एक चकल्या तळत होता, एक लेकराला न्हाऊ घालत होता, सुना अंगणात गप्पा मारत होत्या. आत्या ओट्यावर रिकामी बसलेली. कसं चाललंय, मी विचारलं. "बेस हाय," ती म्हणाली. मग आतल्या गलक्याकडे जरा वेळ कान देऊन हळूच म्हणाली, "परवा जातील सगळे. मंग घर इतकं गप होतंय, की मीच उगी भांडे वाजवत बसते."