साडूंच्या चोरट्या कॅसेटी

माझ्या थोरल्या साडूंइतका परक्या माणसांच्या खोकल्यावर जीव लावणारा मनुष्य उभ्या रायगड जिल्ह्यात दुसरा नसेल. हे खोकणारे लोक सातासमुद्रापलीकडचे, आज हयात असतील-नसतील असे, आणि साडूंनी त्यांतल्या एकालाही कधी पाहिलेलं नाही. पण एका कॅसेटमध्ये चौथ्या मिनिटाला जी बाई खोकते, तिला पुढच्या वर्षीच्या कॅसेटपर्यंत बरं वाटलेलं असणार, कारण तिथं ती खोकत नाही, हे त्यांनी मला वडखळच्या एस.टी. स्टँडवर इतक्या समाधानानं सांगितलं की शेजारी बसलेल्या बाईंनी "कोण आजारी होतं हो?" म्हणून चौकशी केली. साडू म्हणाले, "व्हती एक. आता बरी हाय."

हे सगळं ज्यांच्यामुळे, ती चार केस वाढवलेली माणसं फार वर्षांपूर्वी एका थंड देशात बँड करून राहत होती. त्यांची गाणी सुरू कधी झाली ते कळत नसे, आणि संपली तरी कानात चालूच राहत. मधे गिटार धुक्यात शिरल्यासारखी नाहीशी होई, ऑर्गनवाला एकाच सुरावर दहा मिनिटं झोके घेई, आणि गाणारा दोन ओळी म्हणून कुठं निघून जाई देव जाणे. या संगीताला सायकेडेलिक रॉक म्हणतात, ही माहिती मी इंग्रजीचा मास्तर म्हणून त्यांना पुरवली. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि माशाचा काटा काढावा तसा तोंडातून काढून बाजूला ठेवला. "मास्तर, हे भरतीचं गानं हाय," ते म्हणाले. "खाडीला पानी येताना बघत बसलास तर काय दिसत न्हाय. नि मंग बघावं, तर गुडघ्याला लागलेलं असतं."

या बँडच्या कंपनीनं काढलेल्या रेकॉर्डी मात्र त्यांना अजिबात आवडत नाहीत. त्यांचा जीव चोरट्या कॅसेटींवर. कार्यक्रमाला येणारे लोक कोटाच्या आत टेपरेकॉर्डर लपवून जे टिपून नेत, आणि मग एकमेकांना कॉप्या करून वाटत, ते ध्वनिमुद्रण. त्यात गाणं निम्मं आणि बाकीचा पाऊस, शिंका, बाटल्या, हशा. "रेकॉर्डीवरचं गानं म्हंजे लग्नातला फोटो. सगली पावडर लावून उभी," साडू म्हणतात. "ह्याच्यात मानसं हायत."

साडूंचं घर रेवसच्या अलीकडे, खाडीकाठच्या गावात. वडील मिठागरावर कामाला होते. साडू तरुणपणीच तरीच्या होडीनं करंज्याला उतरून उरणच्या बंदरात कंटेनरच्या ट्रेलरवर ड्रायव्हर म्हणून लागले. त्या वेळी एकदा बंदराच्या बाहेर गाड्यांची रांग दोन दिवस हललीच नाही. साडू केबिनमध्ये तांदळाची भाकरी आणि सुका जवळा सोडून बसले, तर समोर लाल दाढीचा एक गोरा येऊन उभा राहिला. तो कुठल्याशा बोटीवरचा आचारी होता आणि स्वतःच्या हातचं खाऊन त्याला वीट आला असावा. साडूंनी खुणेनं वर बोलावलं. त्यानं तीन भाकऱ्या खाल्ल्या, तिखटानं डोळे पुसले, खिसे चाचपले, आणि काहीच सापडेना तेव्हा आतल्या खिशातली एक कॅसेट काढून साडूंच्या हातात ठेवली. ती साडूंनी त्या रांगेतच लावली. "पयली बाजू संपली तवा वाटलं, आपन बंदरावर न्हाय. दुसरी संपली तवा बघतो तर रांग पुढं गेलेली, नि मागचे सगले मला शिव्या घालतायत."

त्यानंतर तीसेक वर्षं त्यांच्या ट्रेलरमध्ये दुसरं काही वाजलं नाही. बरोबरीचे ड्रायव्हर हिंदी गाणी लावत, आणि यांच्या केबिनमधून लांबलचक कण्हल्यासारखे सूर येत. एकदा नाक्यावरच्या हवालदारानं थांबवून काळजीनं सांगितलं, "गाडी बाजूला घे बाबा, इंजिन बसतंय तुझं." साडू म्हणाले, "साहेब, इंजिन न्हाय, गिटार हाय." हवालदारानं खाली वाकून ऐकलं, बॉनेटला हात लावून पाहिला, आणि तरीही गॅरेजमध्ये दाखवून घ्यायचा सल्ला दिला.

बोटीवरच्या लोकांशी ओळखी काढून, टपालानं, कधी जुन्या बाजारातल्या ढिगात हात घालून त्यांनी दोनशेवर कॅसेटी जमवल्या. खाडीची हवा त्यांच्या मुळावर. फितीला बुरशी येऊ नये म्हणून त्यांनी कपाटात बल्ब लावला, आणि ते कपाट होतं ताईंच्या साड्यांचं. ताई म्हणजे त्यांच्या पत्नी, माझी मोठी मेहुणी. त्यांच्या साड्या ट्रंकेत गेल्या. "माझ्या शालूला कसर लागली तरी चालंल," ताई म्हणायच्या, "ह्यांच्या फितीला सर्दी होता कामा नये." कॅसेटींची एक वहीही होती. तिच्यात गाण्यांची नावं नव्हती, कारण ती साडूंना ठाऊकच नव्हती. नोंदी अशा: "पाऊस. ढोलवाला उशिरा आला." "कुत्रा. दुसऱ्या बाजूला भांडण, पण मिटलं." "एक म्हातारा सारखा वाहवा करतो, चुकीच्या जागी."

मुलीच्या हळदीला त्यांनी यातलंच एक गाणं डीजेला दिलं. आमच्याकडच्या हळदी म्हणजे जमीन हादरते. पोरं हात वर करून ठेका पडायची वाट पाहत उभी राहिली. गाणं एकोणीस मिनिटांचं होतं आणि एकोणीस मिनिटांत ठेका काही पडला नाही. हात दुखून खाली आले. डीजे वायरी तपासू लागला. फक्त साडूंची एक म्हातारी आत्या, डोळे मिटून, अंगणाच्या मधोमध अगदी हळू डुलत राहिली, नाचली म्हणा हवं तर, आणि संपल्यावर म्हणाली, "बरं व्हतं गो. निजल्यासारखं वाटलं."

तिला जे पहिल्या फटक्यात समजलं ते समजायला मला काही वर्षं लागली. साडूंची ऐकायची जागा खाजणाच्या, म्हणजे भरतीत बुडणाऱ्या खारट जमिनीच्या, बांधावर, दुपारी उशिरा. खाली चटई, मधे एक जुना टेपरेकॉर्डर, समोर ओहोटीचा चिखल आणि त्यावर स्वतःच्या सावल्या चोचींनी टोचणारे बगळे. सुरुवातीला मी घड्याळ पाहायचो. मग एका दुपारी गिटारचा एक सूर असा लांबला की तो कॅसेटमधून येतोय की पलीकडच्या कांदळवनातून, हे ठरवता येईना. चिखलावरचा उजेड पातळ होत गेला, एक होडी जागच्या जागी कितीतरी वेळ जात राहिली, आणि मला माझं नाव आठवायला किंचित वेळ लागला. साडूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आलं ना पानी गुडघ्याला?" एवढंच म्हणाले.

त्यांची सगळ्यात लाडकी कॅसेट ती पहिलीच, आचाऱ्यानं दिलेली. तिच्या दुसऱ्या बाजूला गाणं एका जागी अगदी मंद होतं, आणि तिथं एक तरुण माणूस, रेकॉर्डरच्या अगदी जवळ, चार-पाच शब्द बोलतो. साडूंची खात्री होती की ते शब्द फार थोर असणार. "बघ ना, त्याचं बोलनं ऐकून गिटारवालाबी थांबलाय." मला त्यांनी शंभरदा तरी ते ऐकायला लावलं. आवाज फितीइतकाच झिजलेला, उच्चार कुठल्या तरी खेड्यातला. एकदा मी सहज "अंधार असं काहीतरी म्हणतोय" म्हटलं, तर साडू तीन दिवस त्या अंधारावर विचार करत होते आणि जेवताना मधेच मान डोलावत होते.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीनं त्या वहीचं इंग्रजी करून या बँडच्या वेड्यांच्या एका वेबसाइटवर टाकलं. जगभरच्या वेड्यांना ती यादी भलतीच आवडली. आणि महिनाभरात एका पंचाहत्तरीच्या गृहस्थांची ईमेल आली. ती वाचून दाखवायला मला अलिबागहून बोलावलं गेलं. त्या गृहस्थांनी लिहिलं होतं की वहीतली पहिलीच नोंद, लाल दाढीच्या आचाऱ्यानं दिलेल्या कॅसेटची, वाचून त्यांनी ओळखलं: समुद्राकाठच्या मैदानातला तो दुपारचा कार्यक्रम त्यांनीच कोटात यंत्र लपवून टिपला होता. ती कॅसेट बोटीवर आचारी असलेल्या एका मित्रानं ऐकायला म्हणून नेली आणि ती कधी परत आली नाही. तिच्यात जो बोलतो तो त्यांचा धाकटा भाऊ. भाऊ वारला. त्याचा आवाज दुसरीकडे कुठंही राहिलेला नाही. मी येऊन एकदा ऐकू का, असं त्यांनी विचारलं होतं.

मी वाचून संपवलं. साडूंनी उठून कपाट उघडलं आणि ती कॅसेट जागेवर आहे ना ते पाहिलं.

"त्याला कॉपी पाठवली तर?" मी म्हटलं.

"न्हाय. त्यो इकडं येतो बोलतोय तर येऊ दे. ऐकवीन." मग थोड्या वेळानं, आवाज खाली आणून, "कॉपीबी करून देईन. पन मूल कॅसेट न्हाय देनार, मास्तर. मागितली तर तूच न्हाय म्हन. तुला इंग्लिश येतं."

पुढच्या आठवड्यात ते नीट जेवले नाहीत. त्यांनी कॉपी केली, स्वतःच नापसंत केली, पुन्हा केली. ताई म्हणाल्या, "मुलगी सासरी जाताना एवढं नव्हतं झालं ह्यांचं."

पाहुणा भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवसला आला. उंच, वाकलेला, उन्हानं लाल झालेला. धक्क्याची पायरी चढताना साडूंनी हात दिला तो त्यानं बराच वेळ सोडला नाही. ताईंनी कोलंबी केली होती. त्यानं ती खाल्ली, डोळे पुसले, आणि साडू एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "त्यो आचारीबी असाच रडला व्हता."

जेवणानंतर आम्ही बांधावर गेलो. दोघं चटईवर समोरासमोर बसले, मधे टेपरेकॉर्डर. साडूंनी दुसरी बाजू लावली. वारा पडलेला, पाणी नुकतंच भरायला लागलेलं. गाणं हळूहळू वर आलं आणि हळूहळू विरघळू लागलं. पाहुण्यानं डोळे मिटले. मग तो आवाज आला, नेहमीसारखाच, पुसट आणि घाईचा. पाहुणा हलला नाही. साडूंनी फीत मागं घेतली आणि पुन्हा लावलं. पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी पाहुण्यानं हात वर केला, आणि साडूंनी बंद केलं.

"इचार त्याला," साडू कुजबुजले. "काय बोलला त्याचा भाव?"

मी विचारलं. पाहुण्यानं सांगितलं. मी साडूंना सांगायच्या आधी जरा थांबलो, कारण तीस वर्षांचा प्रश्न होता. "तो विचारतोय," मी म्हटलं, "'गाडीला चावी लावलीस ना?'"

"चावी?"

"चावी."

पाहुणा बोलत राहिला. त्यानं भावाला गप्प करण्यासाठी हो म्हणून टाकलं होतं. दाराला चावी लावलेली नव्हती, नुसतं ओढून घेतलं होतं. बाहेर आले तेव्हा गाडी चोरीला गेली होती. दोघं समुद्राच्या कडेनं सहा मैल चालत घरी गेले. भाऊ रस्ताभर त्याची नक्कल करत होता, "हो, लावली, लावली," आणि रागाचा एक शब्दही बोलला नाही. हे सांगताना पाहुणा हसायला लागला, हसता हसता त्याचे खांदे हलू लागले, आणि मग ते हसणं राहिलं नाही.

साडूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, एवढ्या वर्षांचं थोर वचन असं निघालं म्हणून ते हिरमुसले असतील. ते म्हणाले, "गाडीला चावी लावली का? ह्याच्यापेक्षा मोठं काय बोलनार मानूस मानसाला?" मी ते इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. बहुधा पोचलं.

पाहुण्यानं मूळ कॅसेट मागितलीच नाही. संध्याकाळच्या लाँचच्या वेळी साडूंनी नीट लेबल लावलेली कॉपी त्याला दिली, त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली, छातीशी धरली आणि पायऱ्या उतरून लाँचमध्ये बसला. इंजिन सुरू झालं. दोर सोडायला लागले, तोच साडू "ओ थांब, थांब" करत धडपडत खाली उतरले, पाहुण्याच्या हातातून कॅसेट काढून घेतली, आणि खिशातली दुसरी त्याच्या हातात कोंबली. "चुकून भलतीच दिली," ते मला वर येऊन म्हणाले. त्यांना धाप लागली होती. लाँच वळून मुंबईच्या दिशेनं लागेपर्यंत आम्ही उभे होतो. घरी येताना स्कूटरवर मागं बसून ते त्या परत घेतलेल्या कॉपीचं लेबल वाचत होते.

त्यानंतर साडू बांधावर कमी जाऊ लागले. ताईंनी मला फोन करून सांगितलं, हे घरातच बसून असतात, आणि टेपरेकॉर्डर कधी ओट्याखाली, कधी खिडकीत ठेवतात. मी गेलो तेव्हा त्यांनी मला ओटीवर बसवून एक कॅसेट लावली. आधी नुसता पाण्याच्या पंपाचा आवाज. मग भांडी. मग ताई मुलीशी फोनवर बोलताहेत, नारळ आधी टाकू नकोस, कोकम आधी टाक, आणि मग ताई हसतात, अगदी मोकळ्या, मी त्यांना कधी तशा हसताना पाहिलेलं नव्हतं.

ताई चहा घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. "अगो बाय! मी एवढ्यानं बोलते?"

कॅसेटमधल्या ताई अजून हसत होत्या.

"कशाला हसले व्हते मी?" ताईंनी विचारलं.

"ठाव न्हाय," साडू म्हणाले. "पन हसलीस ना."

ताईंनी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि तिथंच बसल्या. बाजू संपली तेव्हा साडूंनी कॅसेट उलटी करून लावली, आणि ताई, मी समोर बसलेला असताना, थोड्या सरकून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या.