सावित्रक्काची सोमवारची आमटी

सकाळी बेल वाजली तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलं होतं. दारात रेखा, वरच्या मजल्यावरच्या सावित्रक्काची सून. "काकू, अत्ते उठेनात," एवढंच म्हणाली. मी तशीच अनवाणी जिना चढले. अक्का कुशीवर निजली होती, शाल कानापर्यंत ओढलेली. डिसेंबरातल्या थंडीत ती अशीच उशिरा उठायची... खाली दूध उतू जाऊन भांडं करपलं होतं, ते मला दुपारी आठवलं.

त्याला आता सात आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. मीही तेच लिहायला बसणार होते, पण मध्ये एक सोमवार आला आणि सगळं बिघडलं. तेव्हा जे आहे ते लिहिते. कुणाला रुचलं नाही तर नाइलाज आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही सांगलीहून बंगळुरूला आलो. यांची नोकरी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात, पण घर भाड्याने घेतलं ते इंदिरानगरच्या मागच्या गल्लीत, कारण घरमालकीणबाई मराठी बोलतात असं कळलं होतं. तीच अक्का. तिचे पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आलेले. तिच्या मराठीत निम्मं कन्नड, तरी ते मराठीच आहे यावर ती हटून बसायची. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, पण तिसऱ्या महिन्यात आमचं 'तुम्ही'चं 'तू' झालं. "तुम्ही सांगलीवाले पाण्यालाही फोडणी द्याल," ती म्हणायची. "आणि तुम्ही त्या फोडणीतही गूळ घालाल," मी म्हणायचे. परक्या गावात असं हक्काचं भांडायला मिळणं ही काही लहान गोष्ट नाही.

मग यांची मूत्रपिंडं निकामी व्हायला लागली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मी सोमवार धरले, दोन्ही वेळचे, कडक. मी काही फार देव-देव करणारी बाई नाही, पण डॉक्टरांपुढे हात जोडून झाले होते, आता आणखी कुणापुढे तरी जोडायला हवे होते. एका सोमवारी रुग्णालयाच्या रांगेत मला घेरी आली. अक्का बरोबर होती. येताना रिक्षात ती फार बोलली. "त्यांना बघणारं तूच एक माणूस. तूच आडवी झालीस तर कसं गं? सोड हे उपास." मी म्हणाले, "अक्का, हे सोडून काहीही सांग." त्यावर ती गप्प बसली. तिला पटलं असं मी समजले.

पुढच्या सोमवारी ती स्वतः जिना उतरून आली, हातात झाकलेलं पातेलं. थंडी सुरू झाली की आमच्या गल्लीत रताळ्यांच्या गाड्या येतात, मातीसकट, लालबुंद. त्यांच्या मोठ्या फोडी, अख्खे उकडलेले शेंगदाणे, भाजलेल्या दाण्यांचं जाडसर कूट, ओलं खोबरं, आलं, हिरवी मिरची, वर तुपातलं जिरं. ती त्याला गेणसाचं सारू म्हणायची, मी दाण्याची आमटी. एक वाटी पोटात गेली की संध्याकाळपर्यंत भूक लागत नसे. मी स्वतः केली की दाण्याचं पाणी एकीकडे आणि रताळं एकीकडे. हिची मात्र अशी मिळून आलेली, दाट, की पळी उभी राहावी.

एकदा मला शंका आली. विचारलं, "अक्का, उपासाला चालत नाही असं काही नाही ना यात?"

"गेणसू, शेंगा, खोबरं. आणखी काय असणार?"

"मग एवढी दाट कशी होते?"

तिने गळ्याला चिमटीत धरून सांगितलं, "देवराणे! देवाची शपथ गं बाई. स्वल्प खा आता, गार होतंय."

मी खाल्लं. त्या हिवाळ्यात खाल्लं, पुढचे तीन हिवाळे खाल्लं. हे गेले, त्यानंतरही दर हिवाळ्यात खाल्लं, कारण सोमवार मी सोडले नव्हते. सवयीने म्हणा, हट्टाने म्हणा.

अक्का गेल्यावर महिनाभराने, त्या सोमवारी, रेखाने वर बोलावलं. "अत्तेंचं सारू केलंय, काकू. याच की." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तिने कुकर उघडला, शिजलेली तुरीची डाळ घोटली आणि तिचं घट्ट पाणी पळीपळीने पातेल्यात ओतायला लागली.

"हे काय करतेस?"

"डाळीचं पाणी. त्याशिवाय दाट कुठून होणार? अत्ते नेहमी..." एवढं बोलली आणि तिची पळी थांबली. तिला आठवलं. मग मान खाली घालून म्हणाली, "अत्ते म्हणायच्या, सुमनला सांगू नको. तिचा सोमवार असतो. पण तिच्या अंगात ताकद नाही राहिली."

मी न जेवता खाली आले.

वाटीभर डाळीच्या पाण्याने कुणाची मूत्रपिंडं बंद पडत नाहीत, हे मला कळतं. दूर राहणारी माझी मुलगी फोनवर तेच सांगते, आणि वर म्हणते, "आई, त्यांनी तुझ्यावर मायाच केली." केली असेल. पण दर सोमवारी दिवा लावून मी सांगत होते की बघ, मी माझा शब्द पाळलाय, आता तू तुझा पाळ. तिने मला देवापुढे खोटं पाडलं, तेही देवाचीच शपथ घेऊन. हे जायच्या आधल्या दिवशी मी एकटीच होते त्यांच्या उशाशी, आणि माझ्याकडे तेवढंच एक होतं, की माझ्याकडून कसूर झाली नाही. तेवढंही माझं नव्हतं. आणि भांडायला जावं तर वर अक्का नाही! तिने मला विचारायला हवं होतं. मी नाही म्हटलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तिने विचारलं नाही. तेच मला गिळवत नाही.

परवाच्या सोमवारी रेखा खाली आली. दारातच उभी राहून, जरा घाबरतच म्हणाली, "काकू, डाळ घालायच्या आधी तुमच्यापुरतं वेगळं काढून ठेवू का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला. मी 'हो' म्हणाले.

तिने वाटी आणून दिली. पाणी एकीकडे, रताळं एकीकडे. उपास अगदी चोख झाला. शेवटच्या घासापर्यंत मी अक्काची चव शोधत होते, आणि ती त्यात कुठेच नव्हती.