खाऱ्या हवेतली गादी

कॅफेत शिरल्यावर मी आधी भिंत शोधायचे, समुद्र नंतर. इंग्रजी मजकूर तपासायचं माझं काम. दिवसातून दोन-तीनदा कॅमेऱ्यासमोर बसावं लागे, आणि मागे लाटा दिसल्या की मीटिंगमधलं कुणीतरी म्हणे, "मजा आहे बुवा तुझी!" म्हणून पाठीशी कोरी भिंत, हाताशी प्लग, आणि समुद्र लॅपटॉपच्या पलीकडे, फक्त मला दिसेल असा.

पुण्यातलं ऑफिस बंद झालं, कुठूनही काम करा म्हणाले, आणि मी कोकणातल्या या पर्यटकांच्या गावात एक खोली घेतली. घरी, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात, नेट टिकत नाही असं मी सगळ्यांना सांगत असे. ते खरंच होतं. पण घरी त्या वर्षांत कुणी फारसं बोलतही नव्हतं. बोंडअळीने एकामागून एक हंगाम खाल्ले होते. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी आणि कुजका कापूस. मी दिवाळीला गेले होते तेव्हा बाबांनी चहा पिता पिता सांगून टाकलं, "पुढच्या सालापासून पऱ्हाटी बंद. सोयाबीन अन् तूर." आमच्याकडे कपाशीला पऱ्हाटी म्हणतात. माझ्या जन्माआधीपासून त्या वावरात दुसरं मुख्य पीक कधी नव्हतं.

त्या हिवाळ्यात आईने एक काम काढलं. किडकी, अर्धवट उललेली बोंडं टोपलीत घेऊन ती संध्याकाळी टीव्हीसमोर बसायची आणि त्यातला जेवढा म्हणून पांढरा कापूस असेल तेवढा नखाने ओढून वेगळा करायची.

"एवढं निवडून काय करतं?" बाबा म्हणाले.

"पोरीच्या गादीत तुमचं सोयाबीन भरू का मंग?"

लेकीला लग्नात द्यायची गादी घरच्या कापसाची, अशी आमच्याकडची रीत. माझं लग्न ठरलेलं नव्हतं, आणि तो विषय निघाला की मी उठून पाणी प्यायला जात असे. या वेळी आईनेच तो मिटवला. "लगन होवो नाही तर न होवो. झोपतं त माणूस रोजच."

त्या कापसाची सरकी काढून, पिंजून, निळ्या पट्ट्यांच्या खोळीत गादी भरली गेली. आमच्या वावरातला शेवटचा कापूस त्या गादीत होता. काळीपिवळी जीपच्या टपावरून ती दारव्ह्याला गेली आणि तिथून बस बदलत बदलत माझ्यापर्यंत आली. खोलीचा पत्ता कुणाला सापडत नसे, म्हणून मी कॅफेचा दिला होता. कॅफेच्या मालकीणबाईंनी ते गाठोडं बघून डोळे मोठे केले.

"अगो, आत माणूस आहे की काय?"

"गादी आहे. घरची. कापसाची."

त्यांनी बोटाने दाबून पाहिली. "कापसाची? इथे?" मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "छान आहे हो."

पहिल्या रात्री मी तिच्यावर पडले आणि आमच्या मधल्या खोलीचा वास आला. लहानपणी दिवाळीनंतर ती खोली छतापर्यंत कापसाने भरलेली असायची. आम्ही त्यात उड्या मारायचो, मग अंग खाजवत बसायचो आणि आईच्या शिव्या खायचो. इंग्रजी शाळेत कापसावर निबंध लिहिताना ती खाज मला कुठेच बसवता आली नव्हती.

पावसाळा आला आणि खोलीच्या भिंतींना घाम सुटला. मीठ दगड होऊन बरणीला चिकटलं. गादी रोज थोडी जड व्हायची. आधी वाटलं, मलाच वाटतंय. मग कुशीखाली गोळे लागायला लागले.

आईचा फोन दुपारी यायचा.

"काय करून राह्यली वं?"

"काम."

"जेवली का? गादी मऊ हाय ना?"

"आहे."

"ऊन दे तिले. ऊन देल्लं का फुगते."

मी हो म्हणायचे. ऊन नव्हतंच. आमच्याकडे ऊन नको इतकं असतं. चार महिने ऊन न मिळणारी जागा आईच्या डोळ्यांपुढे कशी उभी करायची, मला कळेना.

दसऱ्यानंतर ऊन पडलं. मालकीणबाईंनी कॅफेची गच्ची दिली. मी सकाळी गादी खांद्यावर घेऊन गल्लीतून जायचे, मान खाली घालून, आणि गच्चीच्या दाराजवळच्या टेबलावर कामाला बसायचे. एकदा मी मीटिंगमध्ये असताना काही पाहुणे वर आले, चपला काढून सरळ गादीवर बसले. "किती ऑथेंटिक आहे ना!" एक मुलगी म्हणाली आणि लोळून फोटो काढून घेतला. मी काचेतून बघत राहिले. ते गेल्यावर मालकीणबाई कॉफीचे कप उचलायला आल्या.

"आता हिला मेनूकार्डात घालते," त्या म्हणाल्या. मला हसू आलं. त्या गावात मोठ्याने हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

संध्याकाळी गादी ऊन ऊन लागायची. सकाळपर्यंत पुन्हा ओली. मग शिवणीजवळ काळे ठिपके आले.

"फोमची घे गो," मालकीणबाई एकदा हळूच म्हणाल्या. "ह्या हवेत नाही टिकायची ती. उगाच आजारी पडशील."

हा आमच्या वावरातला शेवटचा कापूस आहे, हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं. "बघते," मी म्हणाले.

एप्रिलमध्ये मी ती घेऊन घरी गेले. यवतमाळचं ऊन तिला बरं करील, अशी माझी पक्की समजूत होती. बाबांनी जीपच्या टपावरून गादी उतरवून घेतली.

"एवढी जड कायनं झाली?"

स्लॅबवर टाकली. त्या उन्हात पाय ठेववत नव्हता. ती थोडी फुगलीसुद्धा. आई दर थोड्या वेळाने वर जाऊन तिला थापटून यायची. पण वास जाईना. शेवटी आईने ब्लेड घेऊन शिवण उसवली. आत कापूस नव्हता, राखाडी गठ्ठे होते, चिमटीत धरले की तुटणारे. आईने एक गठ्ठा नाकाशी नेला.

"हा कायचा वास होय वं?"

"तिकडच्या हवेचा. समुद्राची हवा."

तिने पुन्हा वास घेतला, या वेळी जरा जास्त वेळ. तिने समुद्र कधी पाहिलेला नाही.

"असा वास येते समुद्राचा?"

समुद्राचा वास असा नसतो. तो बंद खोलीचा, बुरशीचा वास होता. तरी मी मान हलवून हो म्हटलं.

बराच वेळ ती मधले गठ्ठे उलगडत राहिली. ओंजळभर बरा कापूस निघाला. तो तिने पदरात घेतला. बाबा जिन्यात उभे होते, वर आले नाहीत.

"तिकडे सारे कायवर झोपतात?" आईने विचारलं.

"फोमवर."

"मंग तू बी फोम घे. पाठ दुखंन नाही त."

दुसऱ्या दिवशी मीटिंग होती. नेटची रेंज मधल्या खोलीतच येत होती, म्हणून मी तिथे बसले. खोली रिकामी होती. एका कोपऱ्यात बियाण्याची पोती, सोयाबीनची. छताच्या कडेला कुठल्याशा जुन्या हंगामाचा कापसाचा पुंजका अजून चिकटलेला होता.

"आज समुद्रावर नाही का?" स्क्रीनवरून कुणीतरी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "घरी आहे."

"भिंत मस्त आहे. एकदम कोरी."

शेजारच्या खोलीत आई त्या ओंजळभर कापसाच्या वाती वळत होती.